पन्नास कांद्यांची मुभा

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत एक विलक्षण कायदा आहे. तेथील पानगळीच्या जंगलांत रानकांद्याची एक जात उगवते. फ्रेंच बोलणारे तेथील रहिवासी तिला ‘रानची लसूण’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखतात. दक्षिणेकडील अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिलाच ‘रॅम्प’ म्हणतात. आणि वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव ॲलियम ट्रायकॉकम असें आहे. १९९५ सालीं क्वेबेक सरकारनें ही वनस्पति धोक्यांत असल्याचें जाहीर करून तिच्या विक्रीस सरसकट बंदी घातली. मात्र ज्यास घरीं खाण्यापुरते कांदे हवे असतील त्यास, राखीव उद्यानें वगळून, वर्षाकांठीं पन्नास कांदे उपटून नेण्याची मुभा ठेवली. पन्नास कांदे नेणारा मनुष्य सभ्य नागरिक. एकावन्न नेणारा गुन्हेगार!

हें प्रथम ऐकणारास हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. आम्हांसही तें आलें. पन्नासाव्या आणि एकावन्नाव्या कांद्यांत असा कोणता भेद आहे कीं, एकाच्या बाबतींत पुण्यवान् ठरलेल्या हातानें दुसऱ्याच्या बाबतींत पापी ठरावें? परंतु विचार करूं लागल्यावर तें हंसूं ओंठांवरून मावळलें. कारण या वेड्यावांकड्या आंकड्याच्या आड नीतिशास्त्रांतील एक जुना व अवघड प्रश्न उभा आहे. आणि तो क्वेबेकच्या जंगलापुरता नसून तुमच्याआमच्या रोजच्या व्यवहारांत पावलोपावलीं आडवा येणारा आहे. तो प्रश्न असा: जें कृत्य एकट्यादुकट्यानें केलें असतां कोणाचेंही डोळ्यांस दिसेल असें नुकसान होत नाहीं, तें अनीतीचें केव्हां ठरतें, आणि कां?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं या वनस्पतीचा जीवनक्रम थोडा पाहिला पाहिजे. कारण सारें इंगित त्यांतच आहे. हिवाळा संपून बर्फ वितळलें, परंतु मेपल, बीच वगैरे वृक्षांना अजून पालवी फुटली नाहीं, अशा वेळीं कांहीं थोडे आठवडे सूर्यप्रकाश थेट जमिनीपर्यंत पोंचतो. तेवढ्या अवधींत या रानकांद्यास आपली वर्षाची कमाई करून घ्यावी लागते. दोन किंवा तीन रुंद, मऊ पानें वर येतात. त्यांनीं मिळविलेलें अन्न जमिनीखालच्या कांद्यांत सांठतें. आणि वरची सांवली दाट झाली कीं तीं पानें सुकून जातात. पुढें उन्हाळ्यांत पानांवांचून नुसता एक दांडा वर येतो, त्यावर पांढऱ्या फुलांचा झुबका लागतो, व मागाहून काळें बीं धरतें. तें बीं रुजण्यास सहापासून अठरा महिने लागतात, आणि रुजलेलें रोप स्वतः फुलावर येण्यास साधारणपणें पांच ते सात वर्षें जावीं लागतात. म्हणजे, ज्या वर्षीं घरांत पाळणा हलला त्या वर्षीं पडलेलें बीं, तें मूल पाटीदप्तर घेऊन शाळेंत जाऊं लागलें तरी, अजून फुलाची वाट पाहत असतें. एवढ्या सायासानें वाढलेला कांदा तव्यावर परतण्यास मात्र दोन मिनिटें पुरतात.

आणि तो परतावासा वाटतो, यांत नवल नाहीं. लसणीचा उग्रपणा आणि कांद्याची गोडी यांचें मिश्रण त्यांत असतें म्हणतात. पूर्वीं अपालाचियन डोंगरांतील लोक हिवाळाभर खारवलेल्या व वाळविलेल्या अन्नावर दिवस काढीत. त्यांना वसंतांत मिळणारी ही पहिली हिरवी भाजी म्हणजे केवळ तोंडास चव नव्हे, तर प्रकृतीस उतारा होता. पश्चिम व्हर्जिनियांतील रिचवुडसारख्या गांवीं आजही या कांद्याच्या मेजवान्या होतात. शिकागो या महानगराचें नांवदेखील याच वनस्पतीवरून पडलें, असें विद्वान् मानतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या भागांतून गेलेल्या जूतेल नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें, तेथील रानांत उगवणाऱ्या विपुल लसणीवरून स्थानिक लोकांनीं त्या जागेस हें नांव दिल्याचें लिहून ठेविलें आहे. जोंपर्यंत खाणारे थोडे होते व तेही रानाच्या कडेला राहणारे होते, तोंपर्यंत खाणें व उगवणें यांचा मेळ कसाबसा जमत होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा कांदा बाजारांत आला, शहरांतील उपाहारगृहांच्या ताटांत चढला, आणि तो मेळ तुटला. या वनस्पतीचा ऱ्हास द्वेषानें झाला नाहीं, आवडीनें झाला.

आतां आमच्या प्रश्नाकडे वळूं. समजा, वसंतांतील एका रविवारीं एक गृहस्थ बायकामुलांना घेऊन रानांत गेला आहे. समोर हजारों कांद्यांचा हिरवागार ताटवा आहे. तो म्हणतो, “मीं पन्नासांऐवजीं साठ घेतले म्हणून काय बिघडलें? हें रान काय माझ्या दहा कांद्यांवर उभें आहे? उद्यां येऊन मोजणारासही फरक कळणार नाहीं. ज्या कृत्याचा परिणाम शून्य, त्याचा दोषही शून्य.” हा युक्तिवाद लबाडाचा आहे असें म्हणून उडवून लावणें बरोबर नव्हे. परिणामांवरून कृत्याची पारख करावी असें मानणाऱ्या कोणत्याही प्रामाणिक माणसास तो अडचणींत टाकणारा आहे. कारण खरोखरच त्या दहा कांद्यांनीं रान मरत नाहीं.

याला एक उत्तर कांटच्या अनुयायांकडून मिळतें: जें सर्वांनीं केलें असतां अनर्थ होईल तें एकानेंही करूं नये. हें उत्तर ऐकावयास भारदस्त आहे, परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. सर्वच लोक आमच्यासारखे प्राध्यापक होऊन बसले तर शेतें ओस पडून सारे उपाशी मरतील. म्हणून प्राध्यापक होणें पाप ठरत नाहीं. ‘सर्वांनीं केलें तर’ ही अट नुसती कल्पनेंतली असेल, तर तीवरून फारसें कांहीं सिद्ध होत नाहीं. दुसरें उत्तर इंग्लंडमधील तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनीं १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत दिलें आहे. एकेका कृत्याचा परिणाम सुटा सुटा मोजणें हीच मुळीं नैतिक हिशेबांतली चूक आहे; अनेकांनीं मिळून केलेल्या कृत्यांच्या समुदायाचा जो परिणाम होतो, त्यांत आपलें कृत्य मोडतें कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. हें अधिक जवळचें वाटतें. तथापि आमच्या मतें यापुढेंही एक पाऊल टाकावें लागतें.

त्या गृहस्थाचें कृत्य निरुपद्रवी आहे, हें आम्ही क्षणभर मान्य करतों. पण तें निरुपद्रवी कशामुळें झालें? त्याच्या स्वतःच्या अंगच्या कोणत्याही गुणामुळें नव्हे. त्याच्याआधीं त्या वाटेनें गेलेल्या शेंकडों लोकांनीं आपला हात आवरला, म्हणून तो ताटवा हिरवा राहिला. ग्रेट स्मोकी पर्वतांतील रानकांद्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, एखाद्या ताटव्यांतील दहा टक्के कांदे दहा वर्षांतून एकदांच काढले, तर तो ताटवा टिकून राहूं शकतो. शंभर कांद्यांतील दहा, आणि तेही दशकांतून एकदां! म्हणजे आपल्या गृहस्थानें दहा उचलले कीं, त्या शंभरांपुरता पुढील दहा वर्षांत येणाऱ्या प्रत्येकाचा वांटा त्यानें उचलला. त्याची ‘शून्य हानि’ ही इतरांच्या संयमानें सांठविलेल्या शिलकेतून केलेली उचल आहे. जी शिल्लक सर्वांनीं मिळून राखली, तींत स्वतः कवडीही न टाकतां तींतून आपली चैन भागविणें, यास आमच्या भाषेंत फुकटेपणा म्हणतात. त्याचा अपराध प्रथम वनस्पतीविरुद्ध नसून, न दिसणाऱ्या आणि न बोलणाऱ्या अशा त्या संयमी माणसांविरुद्ध आहे.

येथें प्रतिपक्षी आणखी एक डाव टाकील. तो म्हणेल, “तुमचीं संयमी माणसें आहेत कोठें? सारेच लुटीत आहेत. रान जाणारच आहे. मीं न घेतल्यानें तें वांचणार नाहीं, उलट माझ्या वांट्याचे कांदे शेजारी नेईल. मग माझाच हात रिकामा कां?” हा आक्षेप पहिल्याहून कठीण आहे, आणि हल्लींच्या काळीं तो फार ऐकूं येतो. येथें इतरांच्या शिलकेची गोष्ट लागू पडत नाहीं, हें आम्ही कबूल करतों. परंतु मरणोन्मुख माणसाच्या घरांतून आळीतले लोक एकेक भांडें उचलून नेत असतां, ‘एवीतेवीं घर धुतलेंच जाणार’ असें म्हणून आपणही एक तांब्या काखेंत मारावा काय? कोणताही सभ्य मनुष्य ‘नाहीं’ म्हणेल. आणि तें ‘नाहीं’ परिणामांचा हिशेब करून आलेलें नसेल. अशा लुटींत आपला हात असूं नये, एवढेंच त्याचें म्हणणें असेल. नीतीचा कांहीं भाग जगाचें काय होईल याशीं संबद्ध असतो, तर कांहीं भाग आपण कोण होणार याशीं. पहिला भाग हताश झाला तरी दुसरा उरतोच.

असो. या दृष्टीनें पाहिल्यास पन्नासाचा आंकडा तितका हास्यास्पद राहत नाहीं. सज्ञान होण्याचें वय अठरा कां, साडेसतरा कां नाहीं, याला जसें उत्तर नाहीं, तसेंच यालाही नाहीं. त्याचें महत्त्व अचूकपणांत नसून जाहीरपणांत आहे. इतरांनीं आपल्या संयमाची रेषा कोठें ओढली आहे, हें तो आंकडा प्रत्येकास सांगतो. ‘मला ठाऊक नव्हतें’ ही पळवाट बंद करतो. कायद्याचें हें काम लहान नव्हे.

परंतु कायद्याची धांव तेवढीच. किती घ्यावें हें तो सांगतो. कसें घ्यावें हें त्यास नीटसें सांगतां येत नाहीं. पन्नास कांदे दहा ठिकाणांहून विरळ करून घेणारा आणि एकाच जागचा ताटवा खरवडून नेणारा, हे दोघे त्याच्या लेखीं सारखेच. शिवाय कायद्याला सरहद्द असते आणि कांद्याच्या वासाला ती नसते: क्वेबेकमध्यें विक्रीस बंदी, तर शेजारच्या ऑंटारिओ प्रांतांत ती नाहीं, मग चोरटा व्यापार होणें ओघानेंच आलें. महाभारताच्या उद्योगपर्वांत विदुर धृतराष्ट्रास राज्यकारभाराची जी रीत सांगतो, तींत तो माळी आणि कोळसे पाडणारा यांचा दाखला देतो. दोघेही झाडापासून घेतात. परंतु एक फुलें वेंचतो व मूळ राखतो, दुसरा मुळासकट संपवितो. भेद संख्येचा नाहीं, रीतीचा आहे.

आणि येथेंच या प्रकरणांतील सर्वांत दुखरी बाजू पुढें येते. ग्रेट स्मोकी पर्वतांचें राष्ट्रीय उद्यान १९३४ सालीं स्थापन झालें. त्याच्या दक्षिणेस लागूनच चेरोकी लोकांची वस्ती आहे. १८३८ सालीं या लोकांना त्यांच्या मायभूमींतून सैन्याच्या बळावर पश्चिमेकडे हांकलण्यात आलें. वाटेंत हजारों मेले. जे डोंगरांच्या आश्रयानें मागें राहिले त्यांचे हे वंशज. हा कांदा ते पिढ्यान् पिढ्या काढीत आले आहेत, आणि त्यांच्यापैकीं अनेकांची पद्धत अशी कीं, कांद्याचा मुळाकडील तळ जमिनींतच राहूं देऊन वरचा भाग कापून घ्यावयाचा, म्हणजे त्या तळापासून तो पुन्हां फुटतो. २००२ सालीं उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं तेथून हा कांदा काढण्यास सर्वांनाच बंदी केली. अधिकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, हजारों लोक येत असतां जपून कापणारा कोण व उपटणारा कोण, हें पाहत बसणें अशक्य. वनस्पति वांचविणें हें आमचें कर्तव्य. चेरोकींचें म्हणणें असें कीं, ज्यांनीं राखलें त्यांनाच तुम्ही चोर ठरविलें. बाजार दुसऱ्यांनीं मांडला आणि दंड आम्हीं भरावयाचा!

आमच्या मतें या वादांत दोन्ही पक्षांकडे सत्य आहे, आणि म्हणूनच तो दुःखद आहे. कायदा सर्वांस समान असावा हें तत्त्व थोर खरें. परंतु असमान अपराधांस समान शिक्षा देणें ही समता नव्हे. उलट, परंपरा आहे एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाहीं. माणसें वाढलीं, रस्ते झाले, भाव चढला, म्हणजे कालची निष्पाप रीत आज जड होऊं शकते. आणि बाजाराची भूल कोणत्याही जातीजमातीला पडूं शकते. मार्ग निघतो तो दोघांनीं एकत्र बसल्यावरच. २०१६ सालीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें, मूळ रहिवाशांच्या जमातींना करार करून राष्ट्रीय उद्यानांतून परंपरागत वनस्पति गोळा करतां याव्या, असा नियम केला. आणि २०१९ सालीं याच उद्यानानें चेरोकींशीं ‘सोचान’ नांवाच्या दुसऱ्या एका रानभाजीविषयीं तसा करार केला. रानकांद्याचा तिढा त्यानें सुटला असें नव्हे. पण तो कोणत्या वाटेनें सुटेल हें त्यावरून दिसतें.

सार्वजनिक कुरण अखेर ओस पडतें, कारण प्रत्येकजण आपलें एकेक जनावर वाढवीत जातो, असें इंग्लंडांत लॉइड यांनीं १८३३ सालीं मांडलें आणि १९६८ सालीं अमेरिकेंत गॅरेट हार्डिन यांनीं त्यास ‘शोकांतिका’ हें नांव देऊन तें जगभर प्रसिद्ध केलें. पुढें एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें १९९० सालच्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, ही शोकांतिका अटळ नाहीं. कित्येक ठिकाणीं लोकांनीं स्वतःच नियम करून, एकमेकांवर नजर ठेवून, सामायिक पाणी व रानें शतकानुशतकें राखलीं आहेत. २००९ सालीं त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. मात्र त्या उदाहरणांत एक गोष्ट बहुधा समान असते: घेणारे लोक जागेवरचे असतात आणि घेतल्यानें पडलेला खड्डा त्यांना दिसतो. बाजार नेमकी हीच दृष्टि हिरावून घेतो. न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांत बसलेल्या माणसास ताटांतला कांदा दिसतो; रानांतला खड्डा दिसत नाहीं. तो दुष्ट नसतो. त्याला फक्त दिसत नाहीं, आणि त्यानें विचारलेलें नसतें.

हें लिहितांना आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट आठवून संकोच वाटतो. पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या बाजारांत फोडशीच्या जुड्या येतात; आमच्या घरीं ही भाजी आवडीनें होते. त्या नांवाखालीं खाल्ल्या जाणाऱ्या जातींपैकीं एक म्हणजे सफेद मुसळी. १९५५ सालीं फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें, तेव्हां मुंबईजवळच्या बोरिवलीवरून तिचें नांव ठेविलें. पानें खुडून खाल्लीं तर ती पुढच्या पावसांत पुन्हां वर येते; परंतु औषधी मुळांना भाव आला, लोक तीं खणूं लागले, आणि अनेक रानांतून ती दिसेनाशी झाली. शिकागोप्रमाणें बोरिवलीचेंही नांव एका वनस्पतीशीं जोडलेलें आहे; तेथें गांवानें वनस्पतीपासून नांव घेतलें, येथें वनस्पतीनें गांवापासून, एवढाच फरक. इतकीं वर्षें आम्ही जुडी घेतों, घासाघीस करतों. पण ‘बाई, ही कोठून आणली? खुडून आणली कीं उपटून?’ असें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें. दूरदेशींच्या गृहस्थाच्या साठ कांद्यांचा हिशेब मांडणें सोपें. आपल्या पिशवींतील जुडीचा अवघड.

मग उपाय काय? खाणेंच सोडावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जी वस्तु कोणीच खात नाहीं, ओळखत नाहीं, तिच्या नाहींसे होण्याचें दुःखही कोणास होत नाहीं. येथें आम्हांस खुलभर दुधाची कहाणी आठवते. राजानें आज्ञा केली कीं, गांवांतील सगळें दूध आणून महादेवाचा गाभारा भरावा. लोकांनीं भीतीपोटीं वासरांस पाजलें नाहीं, मुलांस दिलें नाहीं, सारें दूध आणून ओतलें, गाभारा भरेना. एका म्हातारीनें आधीं लेंकरें तृप्त केलीं, वासरांस पाजलें, आणि उरलेलें खुलभर दूध वाहिलें, गाभारा भरला. लहानपणीं ही कहाणी आम्ही चमत्कार म्हणून ऐकली. आतां वाटतें कीं, तींत चमत्कार नसून क्रम सांगितला आहे. ज्यांच्यावर पुढचें सारें अवलंबून आहे त्यांचा वांटा आधीं, मग देवाचाही. मग आपल्या जिभेचा तर किती मागून!

रानकांद्याच्या बाबतींत या क्रमाचा अर्थ उघड आहे. फुलावर आलेला कांदा बियांसाठीं सोडावा. मूळ जमिनीसाठीं सोडावें. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीं ताटवा सोडावा. आणि इतकें सोडून जें उरेल तें आनंदानें घरीं न्यावें. तें कधीं पन्नास असेल, कधीं पांच, एखाद्या वर्षीं मुळींच नसेल. कायद्यानें पन्नासांची मुभा दिली आहे. पन्नास घेतलेच पाहिजेत असें म्हटलेलें नाहीं. खरा प्रश्न एकावन्नाव्या कांद्यापाशीं उभा राहत नाहीं; पहिल्या कांद्यासाठीं वांकतांनाच तो उभा राहतो. गेल्या पावसाळ्यांत आम्हीं त्या भाजीवाल्या बाईंना तो प्रश्न अखेर विचारला. त्यांनीं आमच्याकडे थोडें नवलानें पाहिलें, जुडी उलटी करून खुडलेलीं टोकें दाखविलीं, आणि म्हणाल्या, “उपटली तर पुढल्या वर्षीं काय विकूं?”